दातांची रांग

विद्यार्थी मित्रांनो, रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी तुम्ही मैदानावर रांगेत उभे राहता. रांग वाकडी झाली, की सर शिट्टी वाजवतात. पुढे आलेला मुलगा मागे सरकतो, मागे राहिलेला पुढे येतो आणि क्षणभरात रांग सरळ होते. आपल्या तोंडातही अशीच एक रांग असते. ती म्हणजे दातांची रांग. पण ही रांग वाकडी झाली, तर शिट्टी वाजवून ती सरळ होत नाही. तिला महिने लागतात. कधी कधी दोन वर्षेही लागतात. असे का होते, ते आज आपण पाहू.

हा पाठ मी एका मुलीच्या प्रश्नामुळे लिहिला. ती माझ्या आठवीच्या वर्गात होती. उर्दू तर ती छान वाचायचीच, पण मराठीचे वाचनही तिचे स्पष्ट होते. मात्र वाचायला उभी राहिली, की ती ओढणीचे टोक ओठांपुढे धरायची. हसू आले, तर मान खाली घालायची. वर्गाचा फोटो काढायचा होता, त्या दिवशी ती शाळेत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला कारण विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘सर, माझे दात वेडेवाकडे आहेत. फोटोत तेच दिसतात.’’

मधल्या सुट्टीत तिने दप्तरातून जाहिरातीचा एक कागद काढून मला दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, की तारा लावायला नकोत, डॉक्टरांकडे खेपा घालायला नकोत. पारदर्शक साचे टपालाने घरी येतील आणि थोड्याच महिन्यांत दात सरळ होतील. ती म्हणाली, ‘‘अब्बा पैशांची जुळवाजुळव करत आहेत. सर, हे खरे आहे का?’’

मला उत्तर माहीत नव्हते. माहीत नसताना ठोकून देण्यापेक्षा ‘विचारून सांगतो’ असे म्हणणे बरे. मी तसेच म्हटले. ‘‘अब्बांना सांग, आठवडाभर थांबा,’’ एवढे मात्र बजावले. मग मी पुस्तके वाचली आणि एका दंततज्ज्ञांना भेटलो. तेव्हा जे समजले, ते तुम्हाला सांगतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल.

प्रथम आपण पाहू, की दात वाकडे का येतात. लहानपणी आपल्याला दुधाचे वीस दात असतात. साधारण सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी कायमचे दात येतात. अक्कलदाढा धरून कायमचे दात बत्तीस होतात. म्हणूनच आपण ‘बत्तिशी’ म्हणतो. उर्दूतही हाच शब्द आहे. आता असे समजा, की वर्गातल्या एका बाकावर चार जणांची जागा आहे आणि बसायचे आहे पाच जणांना. काय होईल? कोणी तिरका बसेल, कोणी अर्धा बाहेर राहील, कोणाला जागाच मिळणार नाही. जबडा लहान आणि दात मोठे असले, तर तोंडात हेच घडते. जबड्याची आणि दातांची ठेवण पुष्कळदा आईवडिलांकडून आलेली असते. त्यात आपला काही दोष नसतो.

याशिवाय आणखीही कारणे आहेत. बरीच वर्षे अंगठा चोखण्याची सवय राहिली, तर पुढचे दात बाहेर येतात. दुधाची दाढ किडून फार लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे झुकतात आणि नव्या दाताची वाट अडते. याउलट, दुधाचा एखादा दात वेळ झाली तरी पडत नाही. मग खालचा कायमचा दात भलत्या बाजूला वळतो. म्हणून ‘दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांची काळजी कशाला?’ असे म्हणणे चूक आहे.

वाकडे दात केवळ दिसायला वाईट म्हणून त्रासाचे ठरतात, असे नाही. एकावर एक चढलेल्या दातांच्या फटींत अन्न अडकते. तेथे ब्रश नीट पोहोचत नाही आणि मिसवाकही पोहोचत नाही. त्यामुळे दात किडण्याचा आणि हिरड्या सुजण्याचा संभव वाढतो. पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात. वरच्या आणि खालच्या दातांचा मेळ बसला नाही, तर घास नीट चावता येत नाही. मात्र हेही लक्षात ठेवा, की प्रत्येक वाकड्या दाताला उपचार लागतोच असे नाही. थोडासा तिरका पण निरोगी दात आयुष्यभर उत्तम काम करतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दात तर हाडात घट्ट रुतलेला असतो. मग तो सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचे एक अस्तर असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर असते. या धाग्यांनी दात हाडाला बांधलेला असतो. आपण चणे चावतो तेव्हा बसणारा धक्का हेच अस्तर सोसते. दातावर एका बाजूने हलका दाब सतत राहिला, की एका बाजूचे अस्तर दबते आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जाते. मग हाडातील पेशी कामाला लागतात. ज्या बाजूला दाब असतो, तेथे हाड विरघळवणाऱ्या पेशी येतात आणि दातासाठी वाट मोकळी करतात. ज्या बाजूला ताण असतो, तेथे हाड बांधणाऱ्या पेशी नवे हाड तयार करतात. पुढे वाट तयार होते आणि मागची पोकळी भरून निघते. अशा रीतीने दात हळूहळू नव्या जागी जातो.

एक सोपा प्रयोग मनाशी करून पाहा. पावसाळ्यात ओल्या मातीत एक काठी रोवली आहे. तिला तुम्ही जोरात ढकलले, तर काय होईल? काठी सैल होईल किंवा मोडेल. पण रोज थोडेसे रेटले आणि मागे पडलेल्या फटीत माती भरत गेला, तर काठी सरकेल आणि घट्टही राहील. दाताचे असेच आहे. फार जोर लावला, तर अस्तरातला रक्तपुरवठा दबतो, तेथील पेशी मरतात आणि दात सरकायचा थांबतो. दाताचे मूळही झिजू शकते. साधारणपणे दात महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. हाड विरघळायला आणि पुन्हा बांधले जायला जो वेळ लागतो, तो कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही.

ही गोष्ट ध्यानात आली, की दात सरळ करण्याच्या साऱ्या उपायांचे मर्म कळते. उपाय कोणताही असो, हलका दाब पुष्कळ दिवस ठेवणे हेच त्याचे काम असते.

माणूस हा प्रयत्न फार पूर्वीपासून करत आला आहे. फ्रान्समधील प्येर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका धातूच्या पट्टीचे वर्णन आहे. वाकडे दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधायचे आणि हळूहळू ओळीत आणायचे, अशी ती युक्ती होती. पुढे अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वाकड्या दातांचे प्रकार ठरवून दिले. ते वर्गीकरण आजही शिकवले जाते. दातांवर लहान लहान खाचेच्या चकत्या चिकटवून त्यांतून तार ओवण्याची पद्धतही त्यांच्याच कामातून विकसित झाली. आपण ज्याला ‘दातांना तारा लावणे’ किंवा ‘क्लिप लावणे’ म्हणतो, ती हीच पद्धत.

काढता-घालता येणाऱ्या साच्यांची कल्पना त्यानंतरची आहे. १९४५ साली अमेरिकेतील दंततज्ज्ञ हॅरॉल्ड केसलिंग यांनी रबराचा एक साचा तयार केला. तारांचे उपचार संपत आले, की उरलेली थोडी हालचाल त्या साच्याने होत असे. असे एकापुढे एक अनेक साचे वापरले, तर मोठी हालचालही करता येईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पण अडचण अशी, की प्रत्येक साच्यासाठी दातांचा नमुना हाताने कापून दात थोडे थोडे सरकवावे लागत. वीस साचे हवे असतील, तर हे काम वीस वेळा करायचे! एवढे कष्ट कोण करणार?

ही अडचण संगणकाने दूर केली. १९९७ साली अमेरिकेत झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी एक कंपनी सुरू केली. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकलेले होते. दोघेही दंतवैद्य नव्हते. चिश्ती यांनी मोठेपणी स्वतःचे दात सरळ करून घेतले होते. त्यानंतर दात जागेवर राहावेत म्हणून त्यांना एक प्लास्टिकचा साचा मिळाला होता. तो काही दिवस घातला नाही, तर दात थोडे सरकत आणि पुन्हा घातला, की जागेवर येत. साच्याने दात परत येतो, तर साच्यानेच तो पुढेही नेता येईल, असा विचार त्यातून पुढे आला. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेने या साच्यांना परवानगी दिली. या साच्यांना ‘अलाइनर’ असे म्हणतात. अलाइनर म्हणजे ओळीत आणणारा. आता जगात अनेक कंपन्या अलाइनर तयार करतात. भारतातही ते तयार होतात.

अलाइनर दिसतो कसा? तो पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा असतो. त्याची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. दातांवर तो टोपीसारखा बसतो. वरच्या दातांसाठी एक आणि खालच्या दातांसाठी एक. बोटांनी तो काढता येतो आणि परत बसवता येतो. तोंडात असताना तो चटकन दिसून येत नाही.

तो तयार कसा होतो, तेही पाहा. डॉक्टर प्रथम दात, हिरड्या आणि जबडा तपासतात. क्ष-किरण फोटो काढतात. मग लहानशा कॅमेऱ्यासारख्या स्कॅनरने दातांचे चित्र संगणकात घेतात. काही ठिकाणी त्यासाठी लगद्यात दातांचा ठसा घेतला जातो. संगणकाच्या पडद्यावर आजची वाकडी रांग दिसते. डॉक्टर शेवटी हवी असलेली सरळ रांग ठरवतात. या दोन रांगांमधले अंतर लहान लहान पायऱ्यांमध्ये वाटले जाते. प्रत्येक पायरीसाठी दातांचा एक नमुना यंत्रावर तयार होतो. त्या नमुन्यावर तापवलेले पारदर्शक प्लास्टिक दाबून बसवतात, कडा कापतात आणि गुळगुळीत करतात. झाला अलाइनर तयार!

यातली खुबी अशी. अलाइनरमधली दाताची जागा दाताच्या आजच्या जागेशी तंतोतंत जुळत नाही. ती थोडीशी पुढे असते. दाताने जेथे जायचे आहे, तेथे ती असते. त्यामुळे अलाइनर चढवला, की दातावर हलका दाब पडतो. दोन-तीन दिवस दात घट्ट आणि दुखरे वाटतात. मग दात त्या जागी पोहोचतो आणि पुढचा अलाइनर घालायचा असतो. एक अलाइनर साधारण एक ते दोन आठवडे वापरतात. त्याने दात जास्तीत जास्त पाव मिलिमीटर, म्हणजे ०.२५ मिलिमीटर सरकतो. तुमच्या वहीची तीन पाने एकत्र धरा. त्यांची जाडी जवळजवळ एवढीच भरेल.

आता एक हिशोब करा. एक दात ३ मिलिमीटर सरकवायचा आहे. प्रत्येक अलाइनर पाव मिलिमीटर सरकवतो. तर अलाइनर किती लागतील? बरोबर, बारा. प्रत्येक अलाइनर दोन आठवडे वापरायचा, तर चोवीस आठवडे लागतील. म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने, आणि तेही सारे सुरळीत झाले तर!

काही दातांवर डॉक्टर दाताच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवतात. नुसत्या गुळगुळीत दाताला प्लास्टिकची पकड नीट बसत नाही. उंचवट्याला ती बसते. कधी दोन दातांमध्ये जागा करण्यासाठी त्यांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढ्या घासतात. हे काम घरी कधीही करायचे नसते. दातावरचे कठीण आवरण एकदा गेले, की परत येत नाही.

अलाइनरचे फायदे स्पष्ट आहेत. तो काढून जेवता येते आणि दात नेहमीप्रमाणे घासता येतात. तार टोचून गाल सोलवटत नाहीत. पण त्याचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा सर्वांत मोठा दोषही आहे. तो काढता येतो! तारा चिकटवलेल्या असतात. तुम्ही विसरलात, तरी त्या आपले काम करत राहतात. अलाइनर मात्र डबीत पडून राहिला, तर काहीच करत नाही. तो दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस ते बावीस तास तोंडात असावा लागतो. जेवण आणि दात घासणे यांसाठी जेमतेम दोन ते चार तास उरतात. ‘फक्त रात्री घालतो’ असे म्हणून चालत नाही. रात्री पुढे गेलेला दात दिवसा मागे येतो. मग पुढचा अलाइनर बसतच नाही. ‘अलाइनर घाल, अलाइनर घाल’ म्हणून आईने दाताच्या कण्या केल्या, तरी ऐकले नाही, अशी मुले थोडी नसतात. त्यांचे पैसेही जातात आणि दातही वाकडे राहतात.

अलाइनर वापरणाऱ्यांनी काही नियम पाळायचे असतात. खाताना तो काढावा. तो तोंडात असताना साध्या पाण्याशिवाय काही पिऊ नये. गोड चहा किंवा सरबत त्याच्या आत अडकून राहते आणि दात किडतात. चहाने आणि हळदीने प्लास्टिक पिवळे पडते. जेवल्यावर चूळ भरून, दात घासून मगच तो पुन्हा घालावा. तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. उकळत्या पाण्यात टाकला, तर त्याचा आकार बिघडतो. आणि काढलेला अलाइनर नेहमी डबीतच ठेवावा. लग्नाच्या दावतीत बिर्याणी समोर आली, की लोक तो कागदात गुंडाळून ताटाजवळ ठेवतात. जेवण आटोपते, कागद कचऱ्यात जातो आणि कागदाबरोबर अलाइनरही जातो! असा तो हरवला, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. त्यांनी सांगेपर्यंत आधीचा अलाइनर घालून ठेवावा, म्हणजे दात मागे येत नाहीत. म्हणून जुना अलाइनर लगेच फेकू नये.

दात सरळ झाले, म्हणजे सारे संपले असे नाही. नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो. अस्तराचे आणि हिरडीचे ताणलेले धागे दाताला जुन्या जागी ओढू पाहतात. म्हणून उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारा ‘रिटेनर’ वापरावा लागतो. सुरुवातीला तो जास्त वेळ आणि पुढे रात्री वापरतात. डॉक्टर सांगतील तितकी वर्षे तो वापरायचा. लावलेल्या रोपाला आपण काठीचा आधार देतो, तसाच हा आधार.

अलाइनरला सर्वच कामे जमत नाहीत, हेही खरे. गोलसर दात फार वळलेला असेल, तर तो फिरवणे अलाइनरला जड जाते. हाडात वर राहिलेला दात खाली ओढणेही त्याला कठीण असते. अशा वेळी ताराच जास्त उपयोगी पडतात. दोष जबड्याच्या हाडातच असेल, तर निराळे उपचार लागतात. अलाइनरचा खर्चही तारांपेक्षा साधारणपणे बराच जास्त असतो. कोणाला काय योग्य, हे जाहिरात ठरवू शकत नाही. ते तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतात. दात सरळ करण्याच्या शास्त्राचा खास अभ्यास केलेले डॉक्टर असतात. ते आधी बीडीएस होतात आणि नंतर या विषयात तीन वर्षांचा एमडीएस हा अभ्यासक्रम पूर्ण करतात.

डॉक्टरांशिवाय अलाइनर घेण्यात काय धोका आहे, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून कळेल. ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ नावाची कंपनी तेथे २०१४ साली स्थापन झाली. लोकांच्या घरी टपालाने अलाइनर पाठवण्याचा तिचा मोठा व्यवसाय होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली. अनेकांचे दात अर्ध्या वाटेवर होते. त्यांना आपापल्या गावातल्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. ज्या डॉक्टरांना टाळून पैसे वाचवायचे होते, शेवटी त्यांचेच दार ठोठवावे लागले!

काही मुले तर याहूनही भलता उद्योग करतात. दोन दातांमधली फट बुजवण्यासाठी ती साधे रबरबँड दातांभोवती गुंडाळतात. हे रबर घसरत हिरडीत शिरते, मुळाकडे जाते आणि दाताचा आधारच नष्ट करते. असा निरोगी दात कायमचा गमवावा लागतो. हा उद्योग कधीही करू नका आणि भावंडांनाही करू देऊ नका.

आता त्या मुलीकडे परत येऊ. तिच्या अब्बांनी माझे ऐकले आणि पैसे भरले नाहीत. एके दिवशी ते तिला घेऊन मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेले. हे महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आहे. मुंबईत महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही सरकारी दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. तेथे मोठी रांग असते. वेळ लागतो. पण तपासणी नीट होते.

डॉक्टरांनी तिचा क्ष-किरण फोटो काढला. तेव्हा एक गोष्ट उघड झाली. तिचा वरचा एक दुधाचा सुळा अजून पडलाच नव्हता. कायमचा सुळा वर हाडात आडवा अडकून बसला होता. तो शेजारच्या दाताच्या मुळाकडे सरकत होता. आणखी काही काळ गेला असता, तर त्या चांगल्या दाताचे मूळ झिजले असते. हे आरशात दिसत नव्हते. टपालाने साचे पाठवणाऱ्याला तर ते कळलेच नसते. पारदर्शक साच्यांनी पुढचे चार दात कदाचित सरळ दिसले असते आणि आत नुकसान होत राहिले असते.

डॉक्टरांनी दुधाचा सुळा काढला. लहानशी शस्त्रक्रिया करून अडकलेला सुळा मोकळा केला. मग तारा लावून त्याला हळूहळू खाली आणायला सुरुवात केली. दर महिन्याला ती अब्बांबरोबर बसने ठाण्याला आणि तेथून लोकलने मुंबईला जाऊ लागली. ‘‘सर, किती दिवस लागतील?’’ असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘‘उर्दूत आपण ज्याला सब्र म्हणतो, त्याला मराठीत धीर म्हणतात. तुझ्या दाताला आता तोच हवा आहे.’’

म्हणजे तिला अलाइनर मिळाले नाहीत. ठसठशीत दिसणाऱ्या तारा मिळाल्या. मला वाटले, आता तर ती तोंड उघडणारच नाही. पण झाले उलटेच. पहिल्या आठवड्यात सारा वर्ग तिच्याभोवती जमला. तार कशी ओवली, दात कसा ओढला जातो, हाड कसे विरघळते, हे तिने सर्वांना समजावून सांगितले. समजावताना ओढणी कधी खाली आली, ते तिचे तिलाही कळले नाही. त्या वर्षी मराठी दिनाच्या कार्यक्रमात निबंध तिनेच वाचला. दात तेव्हाही सरळ झालेले नव्हते. पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोहोचला.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. त्याच्या दातांवरून त्याला कधी चिडवू नका. दाताचे हाड काही महिन्यांत भरून येते. चिडवण्याने मिटलेले तोंड उघडायला मात्र कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुधाचे दात किती असतात?
(आ) दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये काय असते?
(इ) ‘अलाइनर’ या शब्दाचा अर्थ काय?

२. कारणे लिहा.
(अ) दातावर फार जोर लावू नये.
(आ) अलाइनर फक्त रात्री वापरून चालत नाही.
(इ) दात सरळ झाल्यावरही रिटेनर वापरावा लागतो.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
मुलीच्या अब्बांनी जाहिरातीप्रमाणे पैसे भरले असते, तर काय झाले असते?

४. हिशोब करा.
एक दात २ मिलिमीटर सरकवायचा आहे. प्रत्येक अलाइनर ०.२५ मिलिमीटर सरकवतो आणि दोन आठवडे वापरायचा आहे. किती अलाइनर व किती आठवडे लागतील?

५. ‘दाताच्या कण्या करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ पाठावरून ओळखा आणि त्याचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. दातांविषयी उर्दूत कोणते वाक्प्रचार आहेत, ते घरी विचारून वर्गात सांगा.